बारा शिमग्यांची मुदत

पूर्णगडला आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना होडीतून तिच्यापर्यंत न्यावं लागे. मी मुंबईला निघालो त्या दिवशी होडी माझा बापच वल्हवत होता. माझं वय बारा. मांडीवर कपड्यांचं गाठोडं आणि पायाशी सुकटीची पुरचुंडी. होडीत पावसची एक म्हातारी होती, तिनं सहज विचारलं, पोरगा कुणाचा म्हणून. बापानं वल्हं थांबवलं आणि म्हणाला, "माजा. माजा पोरगा हाय." मग आगबोटीच्या शिडीपाशी तिकिटं बघणाऱ्याला त्यानं न विचारताच तेच सांगितलं, आणि वर कठड्याशी उभ्या असलेल्या खलाशालाही ओरडून सांगितलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. शिडी चढलो आणि वर गेल्यावरही वाकून पाहिलं नाही. हाच शब्द त्यानं सव्वा वर्ष आधी, जिथं हवा होता तिथं एकदा उच्चारला असता, तर मी त्या बोटीवर चढलोच नसतो.

तुम्ही जे गावात राहिलात त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, पण तुम्ही ती शिमग्यात हसण्यासाठी सांगता. आणि आम्ही जे मुंबईत आलो ते ती सांगतच नाही, कारण इथं ती कुणाला पटत नाही. म्हणून एकदा मीच लिहून ठेवतो.

माझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा गावच्या देवळात गुरवानं कौल लावला. कौल असा पडला की पोर ठेवायचं असेल तर आपलं म्हणू नका, जिची पोरं जगतात तिच्या पदरात टाका. आमच्या शेजारी गोविंदा आणि सखू राहत. सखूची पाचही पोरं धडधाकट होती. मला सुपात घालून तिच्या उंबऱ्यावर ठेवलं, तिनं मूठभर कोंडा किंमत म्हणून देऊन उचललं आणि माझं नाव धोंडू ठेवलं. मुदत बारा शिमग्यांची. बाराव्या शिमग्याची पालखी दारात येईपर्यंत आईबापानं मला आपलं म्हणायचं नाही. झोपायला, जेवायला मी आपल्याच घरी असे, पण सखूला मी 'आये' म्हणे, माझ्या सख्ख्या आईला 'काकी' आणि बापाला 'तात्या'. गावात कुणालाच यात वावगं वाटत नसे. देवाला फसवायचं तर सगळ्या गावानं मिळून फसवावं लागतं, आणि त्या बाबतीत आमचा गाव फार एकजुटीचा.

शाळेत मात्र आमचे मास्तर देवाविरुद्धच्या या कटात सामील नव्हते. ते पावसचे, कडक माणूस. त्यांनी हजेरीपटावर सरळ 'धोंडू रामा' लिहिलं. रामा हे माझ्या बापाचं नाव. जन्मतारखेचं विचारलं तेव्हा काकी म्हणाली, वैशाखात, आंबे उतरत होते तेव्हा. मास्तरांनी अंदाजानं एक तारीख घातली. त्या अंदाजाचं पुढे काय झालं ते सांगतोच.

मराठी चौथीत मी पहिला आलो. रत्नागिरीच्या एका मोठ्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीसाठी परीक्षा घेऊन मुलं निवडत. जागा तीस आणि जिल्ह्यातून येणारी मुलं कितीतरी, त्यातली बहुतेक वकील, मामलेदार, भटजी यांच्या घरची. आमच्या वाडीतून तोवर कुणी गेलं नव्हतं. मास्तरांनी अर्ज स्वतः भरला, आणि दोन महिने संध्याकाळी मला घरी बोलावून गणितं घालून घेतली. त्रैराशिक चुकलं की कान पिळत आणि बरोबर आलं की काहीच बोलत नसत. मी त्या न बोलण्यासाठी जीव टाकत असे. मला तेव्हा जगात दुसरं काही नको होतं. काळा कोट घालून, इंग्रजी पुस्तक काखेत मारून भाट्याची खाडी ओलांडणाऱ्या तरीत उभं राहायचं आणि तरवाल्यानं आपल्याला 'तुमी' म्हणायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सखूआयेनं मला जवळ घेतलं, डोक्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि म्हणाली, "परक्या गावात चाललायस. थयं कोणाची नजर कशी आसल सांगता येत न्हाय. कोणी इचारलान तर आमचा म्हणून सांग." काकी दारात उभी होती. तिनंही मान हलवली. एकच शिमगा उरला होता. अकरा वर्षं सांभाळलेलं पोर शेवटच्या वर्षी कोण गमावील?

मी आणि तात्या चालत रत्नागिरीला गेलो. पावसपर्यंत ओळखीची वाट, पुढं गोळपचा कातळी सडा तुडवत भाट्याला. तिथं नात्यातल्या एका बाईकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वर्गात मला बाकावर बसवलं. तोवर मी बाकावर कधी बसलो नव्हतो, पाय लोंबकळत होते. देखरेखीच्या गुरुजींनी सांगितलं की वर आपलं नाव, वडलांचं नाव आणि गाव लिहा. आपल्या हातानं बापाचं नाव लिहायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. सखूआयेचं बोलणं कानात ताजं होतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, धोंडू गोविंद, पूर्णगड. मग गणितं सोडवली. सगळी आली. शुद्धलेखनात एकही शब्द अडला नाही. बाहेर येऊन तात्याला म्हटलं, झालं. त्यानं मला फुटाणे घेऊन दिले आणि स्वतः एकही खाल्ला नाही.

तिसऱ्या दिवशी यादी लागली. माझा नंबर नववा. तीस मुलांत नववा! तात्याला वाचता येत नव्हतं, मी त्याचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. त्या बोटाला सुकलेल्या माशाचा वास होता आणि शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी उपरणं नाकाला लावलं, हे मला अजून आठवतं.

आत गेलो तर कारकुनानं भुवया चढवल्या. अर्ज आहे तो धोंडू रामाचा, आणि तो परीक्षेला गैरहजर. परीक्षा दिली ती धोंडू गोविंदानं, आणि त्याचा अर्जच नाही. त्याला वाटलं, एकाच्या जागी दुसरा हुशार पोरगा बसवला. अशा लबाड्या होत असत, त्याचा दोष नाही. प्रकरण हेडमास्तरांकडे गेलं. तेही माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला फळ्यावर एक गणित घातलं, मी सोडवलं. मग त्यांनी चष्मा काढून तात्याकडे पाहिलं.

"हा तुमचाच मुलगा ना? तुम्ही एवढं सांगा, मी नाव दुरुस्त करून घेतो."

बस्स, एवढंच. एका शब्दाचं काम. माझ्यासाठी याहून सोपा प्रश्न त्या हायस्कुलात कुणी विचारला नसेल. तात्यानं डोक्यावरची तांबडी टोपी काढली, हातात चुरगळली. खोलीत पाचसहा पालक होते, कारकून होता, शिपाई होता, सगळे अनोळखी डोळे. माझ्याकडे त्यानं एकदा पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, "न्हाय साहेब. माजा न्हाय. ह्यो गोयंदाचा."

"मग अर्जातला रामा कोण?"

"रामा मी."

खोलीतले सगळे हसले. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, गोविंदा कुठं आहे. गोविंदा मुंबईला, गोदीत कामाला. तीन दिवसांत त्याला हजर करा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाईल, असं ते म्हणाले. पत्र जाऊन माणूस यायला तीन दिवस कुठून पुरणार? तात्यानं कौलाचं सांगावं, तर ते सांगणं म्हणजेच पोर आपलं म्हणणं. आम्ही बाहेर आलो.

गेली इतकी वर्षं मी बापावर चरफडतो आहे, पण खरं सांगायचं तर तोंड मलाही होतं. मी म्हणू शकलो असतो, साहेब, हाच माझा बाप. नाही म्हणालो. मलाही मरायची भीती वाटली. आधीच्या तिघांची नावं मला ठाऊक होती, चौथं माझं झालं असतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बापाच्या माथी सगळं मारणं सोयीचं होतं.

परतताना तरीतून उतरलो आणि चालू लागलो. पावसच्या अलीकडे तो वाटेत थांबला आणि म्हणाला, "एक शिमगा जाऊं दे. मग फुडल्या साली येऊ." मी विश्वास ठेवला. वर्षभर तीच पुस्तकं घोकली. मास्तर माझ्यावर नाही, तात्यावर इतके संतापले की त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, पण मला शिकवायचं थांबवलं नाही.

बाराव्या शिमग्याला पालखी दारात आली. सखूआयेनं नारळ घेऊन मला तात्याच्या ओटीत घातलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. तात्या सगळ्यांसमोर रडला आणि "माजा, माजा" म्हणत मला असं आवळलं की श्वास कोंडला. ढोल वाजत होते. मी आये म्हणत होतो ती सखूकाकी झाली आणि काकी होती ती आई झाली. मला मात्र त्या वेळी जूनखेरीज काही दिसत नव्हतं.

जूनमध्ये पुन्हा तीच वाट चाललो. कारकून तोच. त्यानं दाखला पाहिला, बोटांवर हिशेब केला आणि कागद परत सरकवला. बारा वर्षं पुरी झालेल्या मुलाला इंग्रजी पहिलीत घेत नाहीत, असा नियम. दाखल्याप्रमाणे मला बारा पुरी होऊन एक महिना झाला होता. एक महिना! तोही मास्तरांनी अंदाजानं टाकलेल्या तारखेचा. आंबे त्या वर्षी उशिरा उतरले असतील असं मी म्हणालो, तर कारकून म्हणाला, आंब्यांचा दाखला आणा. तात्या त्या दिवशी टेबलापाशी उभा राहून पाच वेळा तरी म्हणाला असेल, "माजाच पोरगा हाय साहेब." त्याला तसं कुणी विचारलंही नव्हतं. देवाची मुदत आणि सरकारची मुदत यांच्यामध्ये माझ्यासाठी एकही जून उरला नव्हता.

नारळी पुनवेनंतर बोटी सुरू झाल्या आणि मी मुंबईला आलो. ते सुरुवातीला सांगितलंच.

गोविंदाकाकांनी मला गिरगावातल्या एका छापखान्यात चिकटवलं. वाचता येणारा पोरगा म्हणून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला शिकलो. आज मी कंपॉझिटर आहे. सुटाबुटातले लोक माझ्या हातचं वाचतात, पण मला कुणी 'तुमी' म्हणत नाही, 'ए कोकण्या' म्हणतात आणि माझे हेल काढून दाखवतात. दर एप्रिलात आमच्याकडे शाळांचे प्रवेशअर्ज छापायला येतात. 'पालकाचे नाव' आणि त्याखाली 'मुलाशी नाते'. ती ओळ मी इतक्या वेळा जुळवली आहे की डोळे मिटूनही खिळे सापडतील. पुढं रिकामी जागा सोडायची असते. ती रेघ लावताना दरवर्षी माझं डोकं फिरतं.

बापाशी मी धड बोलत नसे. मनिऑर्डर पाठवी, पत्र आईच्या नावे लिही. लग्न झालं. पहिली मुलगी सात दिवसांची होऊन गेली. मग मुलगा झाला. आईनं कुणाकडून तरी लिहवून पाठवलं, कौल लावून घेते, कुणाच्या तरी पदरात टाका. मी ते पत्र फाडलं. मुलाचं नाव प्रभाकर ठेवलं, आणि चाळीत पेढे वाटताना प्रत्येक दारात 'माझा मुलगा' असं ठासून म्हणालो. बायको घाबरली होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

प्रभाकर दीड वर्षाचा असताना त्याला ताप भरला. डॉक्टर झाले, औषधं झाली. पाचव्या दिवशी दुपारी त्यानं डोळे फिरवले. त्या क्षणी मी काय केलं असेल? खिळे जुळवणारा, शहाणा, बापाला अडाणी म्हणणारा मी, सूप शोधू लागलो. शेजारी साताऱ्याची कृष्णाबाई, चार दांडग्या पोरांची आई. मी प्रभाकरला तिच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणालो, हा तुमचा. ती बाई देशावरची असली तरी तिला सांगावं लागलं नाही. आत जाऊन मूठभर कोंडा घेऊन आली. पोराला उचलताना तिनं विचारलं, किती दिवसांसाठी? मी म्हणालो, शाळेत नाव घालीपर्यंत. मुदत आधीपासून मनात तयार असल्यासारखी तोंडातून आली.

ताप उतरला. औषधानं उतरला असेल. मला विचारू नका.

प्रभाकर आता चार वर्षांचा आहे, आणि मला 'काका' म्हणतो. कामावरून आलो की 'काका आले' म्हणून धावत येतो. आणि प्रत्येक वेळी मी ओ देतो. अकरा वर्षं 'तात्या' ऐकून घेणारा माणूस कसा राहिला असेल, हे मला या अडीच वर्षांत कळलं.

या दिवाळीनंतर बाप पहिल्यांदा मुंबईला आला. थकला आहे. गॅलरीत बसला होता. प्रभाकरनं मला हाक मारली, 'काका'. बापानं मान वर केली, पोराकडे पाहिलं, कृष्णाबाईच्या दाराकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. मला वाटलं, आता हसेल. त्याला तो हक्क होता.

"मुदत कितीची घातलीस?" त्यानं विचारलं.

"शाळेत नाव घालीपर्यंत," मी म्हणालो.

त्यानं टोपी काढली, हातात फिरवली. मग म्हणाला, "अशी मुदत घालायचं तवा माज्या ध्यानातच आलं न्हाय रं."

एवढंच. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. पंधरा वर्षांत बसलो नव्हतो.

हायस्कूल गेलं ते गेलंच. त्याचा राग अजून आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. पण परवा छापखान्यात एकानं विचारलं, तुझं घर कुठं, इथं का कोकणात? मी उत्तर दिलं नाही. त्याला वाटलं, याला घरच नाही. आमच्याकडं जे फार आपलं असतं त्याला चारचौघांत आपलं म्हणत नाहीत, हे त्याला काय सांगायचं?