क्लासेस आपोआप व्हायला लागले तेव्हा

दुबईतल्या अल कुसैसच्या ऑफिसात माझ्या शेजारी वसईची एक मैत्रीण बसायची. बंदरावर येणाऱ्या मालाची माहिती आमच्याकडे एक्सएमएल फायलींतून येई. त्या फायलींचा आराखडा, म्हणजे स्कीमा, सारखा बदले. तो बदलला की आम्ही दोघी प्रोग्राममधले क्लासेस, म्हणजे त्या आराखड्याशी जुळणारे कोडचे साचे, पुन्हा हाताने लिहीत बसायचो. एखादं नाव चुकलं तरी सगळं अडायचं. शारजाच्या ट्रॅफिकमधून ती अल मजाजला घरी पोचेपर्यंत तिची मुलगी झोपलेली असे.

शेवटी वैतागून तिने एक टूल शोधून आणलं. स्कीमा दिला की ते क्लासेस आपोआप बनवायचं. आमच्या किचकट स्कीमांसाठी ते नीट बसवायला तिने बरीच खटपट केली. पहिल्यांदा सगळं बिनचूक चाललं तेव्हा म्हणाली, "बघ, आठवड्याचं काम चहा होईपर्यंत झालं. आता पोरीला मीच जेवायला वाढणार."

काही महिने ती खरंच वेळेवर निघाली. मग एक दिवस मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"काय म्हणाला?" ती बाहेर आल्यावर मी विचारलं.

"टूल फार छान आहे म्हणाला. आता दोघींची गरज नाही."

माझा पगार कमी, म्हणून मला ठेवलं. मी आत जाऊन भांडले. "मॅडम, ऊपर से आया है. खलास," एवढंच तो बोलला.

तिच्या नवऱ्याचं हॉटेलातलं काम आधीच सुटलं होतं. घरातल्या सगळ्यांचा व्हिसा तिच्या नोकरीवर होता. मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही, म्हणून सगळ्यांना वसईला परतावं लागलं. त्याआधी नोटिशीच्या काळात ती मला टूल शिकवत राहिली.

"राहू दे गं. त्यांना कशाला सोपं करून देतेस?"

"त्यांना नाही, तुला," ती म्हणाली.

सामान बांधायला मी तिच्या घरी गेले. मुलगी खोक्यावर बसली होती. "वी आर कमिंग बॅक, राइट, आंटी?" तिने विचारलं. तिची आई पाठमोरी, पेपरात कप गुंडाळत होती. तिचे हात थांबले. मी "इन्शाल्ला" म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत जाऊन रडले.

आता ती वसईत एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. बरं चाललंय म्हणते. तिची खुर्ची कुणीतरी मीटिंग रूममध्ये नेली. मी ती परत मागायला गेले, तर "कशाला हवी?" असं मॅनेजरने विचारलं. मी ती ढकलत आणली आणि माझ्या शेजारी तिच्या जागी ठेवली.