मठ्ठ्याचा काही दोष नव्हता

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही – हे मी आजवर कोणापुढे बोललेले नाही. तुमच्यापुढे बोलते आहे, पण माफी मिळावी म्हणून नव्हे. ऐका आणि काय म्हणायचं ते म्हणा.

मे महिना, अकोल्याचं ऊन. आजारातून उठलेल्या सासूबाईंना भेटायला सगळे आमच्याकडे जमणार होते. मी नवा फ्रिज घेतला होता, त्याचा तोरा गल्लीभर मिरवत होते. त्यात गोठवलेल्या चिकनची पाकिटं भरून ठेवली. पण घराची वायरिंग जुनी – कूलर आणि फ्रिज एकत्र लावले की लाइट जायची. मग अकोल्यात मे महिन्यात काय बंद करतात? फ्रिजच. रात्रभर बंद ठेवला आणि सकाळच्या गडबडीत लावायचा राहिला.

दुपारी उघडला तर पाकिटं लिबलिबीत, खाली लालसर पाणी. एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नका, असं त्यांच्यावर छापलेलं होतं. मला वाचता येत नव्हतं का? चांगलं येतं! पण फेकलं असतं तर फ्रिजची – म्हणजे माझी – फजिती झाली असती. पाणी पुसलं, कूलर बंद ठेवून फ्रिज लावला. दुसऱ्या दिवशी पाकिटं दगडासारखी घट्ट. शिजवताना वास आला – आला, खोटं कशाला बोलू? लसूण वाढवला, वरून मूठभर सांबार – म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर – चिरून टाकला आणि वाढलं.

दोघा-तिघांना उलट्या झाल्या. सासूबाईंना तर दवाखान्यात सलाइन लागलं. मला कोणी काही विचारलंही नव्हतं. मीच आपणहून बोलले – एवढ्या उन्हात अमरावतीहून एसटीतून आणलेला मठ्ठा, दुसरं काय होणार? मठ्ठा माझ्या धाकट्या जावेनं, सुनंदानं आणला होता. "ताजाच होता ताई, सकाळीच घुसळला होता मी," एवढंच ती म्हणाली. मी तोंड फिरवलं.

उन्हावर ढकलणार नाही, वायरिंगवरही नाही. मला सगळं ठाऊक होतं.

तेव्हापासून घरात काही कार्य निघालं की सुनंदा कांदे चिरते, शेगडीजवळ येत नाही. सासूबाई चारचौघांत माझ्या हाताची तारीफ करतात. मी ऐकून घेते.

परवा सुनंदाचा फोन आला. तिच्या पोरीचा साखरपुडा ठरला आहे. म्हणाली, "ताई, सयपाकाचं तुमीच पाहा. माह्या हाताचं लोकायले चालत नाही."

मी हो म्हटलं.