पाववाली आणि त्या वर्षीची भुतं

बाल्बिनाच्या गाडीचा भोंगा दोनदा वाजला, की स्पेनमधल्या ऊरेन्सेच्या डोंगरातल्या त्या वस्त्यांना घड्याळाकडे बघावं लागत नसे. ओउतेइरो वस्तीला नऊ वाजून दहा मिनिटं म्हणजे नऊ वाजून दहाच. एकतीस वर्षं ती बापाच्या भट्टीतले पाव पांढऱ्या गाडीत घालून दारोदार पोचवत होती. एकदा बर्फात गाडी घसरून ओढ्यात गेली, तर हिनं टोपली डोक्यावर घेतली आणि वरच्या वस्त्या पायी गाठल्या. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवायचीही नाही. "डॉक्टर पंधरा दिवसांनी येतो, पाद्री महिन्यानं. मी रोज येते," असं ती कुणालाही ठणकावून सांगायची.

मग दोन हजार वीसचा मार्च आला आणि सगळ्यांना घरात बसवून गेला. शनिवार-रविवारी शहरातून येणारी मुलं यायची थांबली. रस्त्याला गाडी नाही, देवळात माणूस नाही आणि कुणी गेलं तर मातीला फक्त तिघं. बाल्बिनाला पोलिसांनी फिरायचा कागद दिला होता. लोक दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवून ठेवत. ती पाव घालून चार पावलं मागे सरे आणि खिडकीतून काय दोन शब्द बोलणं व्हायचं तेवढंच.

दुसऱ्याच आठवड्यात ओउतेइरोच्या शेनेरोसामावशीनं खिडकी उघडली आणि आवाज खाली आणून सांगितलं, "देल्मिरो आलाय."

देल्मिरो म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"कुठे आलाय?"

"माळ्यावर. तिन्हीसांजेला फिरतो, मक्याची कणसं चाळवतो. काल तर खोकला."

बाल्बिनानं मान वर केली. छपराचं एक कौल सरकलं होतं आणि खाली भिंतीला लागून काळ्या लेंड्या पडल्या होत्या. जन्मभर कोंबड्या पाळलेल्या बाल्बिनाला आणखी काय सांगायला हवं?

"मावशी, ते कोंबड्या पळवणारं जनावर आहे. कौल बघा, कसं सरकलंय."

म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला. "चाळीस वर्षं त्याच्याशेजारी झोपले मी. त्याची पावलं तू मला शिकवणार? माझा नवरा काढून घेतेस आणि हातावर जनावर ठेवतेस होय गं?"

खिडकी धाडकन लागली. दुसऱ्या दिवशी कडीला पिशवी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही, चौथ्याही.

बाल्बिनाला ते फार लागलं. भट्टीजवळच्या खुर्चीत तिची आई दोसिंदा बसलेली असायची. वय एकोणनव्वद, पण जीभ पोरीसारखी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"शहाणीच आहेस! माळ्यावर कोण आहे असं तिनं तुला विचारलं होतं का?"

"मग काय करू? तो देल्मिरोच आहे म्हणू?"

"हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. विचार. काय घातलं होतं, कुठे उभा होता, काय बोलला." दोसिंदानं अंगावरची शाल ओढून घेतली. "शंभर वर्षांमागच्या त्या फ्लूच्या साली माझी आई आठ वर्षांची होती. ती सांगायची, दारं लागली तशी भुतं वाढली. आधी वाटेवर पाऊल वाजलं की ते शेजाऱ्याचं असायचं. शेजारी फिरेनासा झाला, पण कान तिकडेच लागलेले. मग वाजलं ते कुणाचं म्हणायचं? आणि माणसं पुरली कशी, घाईघाईनं, रडायलाही कुणी नाही. ज्याला नीट निरोप दिला नाही, तो गेला हे मनाला पटत नाही, पोरी. आपण सगळे घरात कोंडलो, की तीच माणसं तेवढी यायला-जायला मोकळी उरतात."

दुसऱ्या दिवशी बाल्बिनानं पाव शेनेरोसाच्या खिडकीच्या फळीवर ठेवला आणि बंद तावदानाला विचारलं, "मावशी, कोट कुठला होता त्याच्या अंगावर?"

मग खिडकी चार बोटं उघडली.

"तपकिरी. कोपराला ठिगळ असलेला."

त्यानंतर शेनेरोसा दहा मिनिटं बोलली. लग्नातला कोट, त्याचं ते ठिगळ, देल्मिरोचा हट्टी स्वभाव. शेवटी म्हणाली, "ते कौल मात्र कुणीतरी बसवायला हवं. पावसानं कणसं सडली तर त्याच्या जिवाला लागेल."

तेव्हापासून बाल्बिना विचारू लागली आणि सगळा डोंगर बोलू लागला. कुणाच्या स्वयंपाकघरात मेलेली सासू भाजीच्या रश्शाची चव घेऊन जायची. एकाच्या शेजारचं वीस वर्षं बंद असलेलं घर उजाडता उजाडता खाकरायचं. वृद्धाश्रमात वारलेली एकीची बहीण, जिचं शेवटचं तोंडही कुणी पाहिलं नव्हतं, ती रोज दुपारी अंगणातल्या बाकावर येऊन बसायची. बाल्बिना सगळं ऐकायची. पाव द्यायला वेळ लागतो म्हणून ती आता भट्टी अर्धा तास आधी पेटवू लागली, पण नऊ वाजून दहाची वेळ चुकू दिली नाही.

एप्रिलात एलादिओनं तिला थांबवलं. हा माणूस तीस वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बोगदे खणून आलेला, देवालाही न मानणारा. लाजेनं त्याचे कान लाल झाले होते.

"कुणाला सांगशील तर बघ. मी पाहिलं."

"काय?"

"पांढऱ्या कपड्यातली बाई. खाली जुन्या धुणीघाटावर, साडेआठच्या सुमाराला, धुक्यात. कार्मेच असणार. मी लहान असताना ती तिथेच बुडाली."

बाल्बिनानं कान टवकारले, कारण पलीकडच्या वस्तीतल्या दोघी बहिणींनीही आदल्या दिवशी हेच सांगितलं होतं. तीच जागा आणि तीच वेळ. त्यांनी तर दाराला लसूण बांधला होता.

"हातात काय होतं तिच्या?"

"बादली."

"कसली?"

"निळी. प्लास्टिकची."

"कार्मे बुडाली तेव्हा आपल्याकडे प्लास्टिकची बादली होती का हो?"

"नव्हती. पत्र्याच्याच होत्या सगळ्यांकडे."

"आणि चालत कशी होती?"

"एका पायात बूट, एक पाय उघडा. दर चार पावलांनी खाली बसायची."

"एलादिओ, मेलेल्या माणसाला दम लागत नाही."

धुणीघाटाच्या वर एकच घर होतं, पेनाल्बा नावाचं. तिथे सिरा एकटी राहायची, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बाल्बिनाची गाडी तिकडे जात नसे. वाट बैलगाडीची होती हे खरंच, पण बांधावरच्या चेस्टनटच्या झाडावरून बाल्बिनाच्या बापाशी भांडण झाल्यापासून सिरानं सव्वीस वर्षं त्या घरचा पाव तोंडात घातला नव्हता, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी पाव भरलेली गाडी पहिल्या वस्तीकडे न वळता धुणीघाटाकडे गेली. धुक्यात कठड्याला टेकून सिरा बसली होती. अंगाभोवती पांढरी चादर, चेहरा तापानं लाल, शेजारी निळी बादली. घरचा पंप बंद पडला होता आणि दुरुस्त करायला कोण येणार?

"सिरामावशी, कधीपासून ताप आहे?"

सिरानं डोळे बारीक केले. "तू त्याची मुलगी ना? तुमच्या घरचा पाव मी घेणार नाही."

"नका घेऊ. डॉक्टर घ्या."

"झाड माझं होतं."

"असेल. आधी जगा, मग बांधावर उभ्या राहून भांडू."

सिराला हसू आलं आणि त्यातूनच खोकल्याची उबळ आली. बाल्बिनानं आपला कोट तिच्या अंगावर टाकला, फोनला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर धावली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत चार पावलं दूर दगडावर बसून तिच्याशी भांडत राहिली. म्हातारीनं शुद्ध हरपू नये म्हणून. त्या झाडाची, त्याच्या फळांची, दोघींच्या बापांची सगळी उणीदुणी निघाली.

त्या दिवशी एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाव अडीच तास उशिरा पोचला. दोघी बहिणी दारात रडवेल्या उभ्या होत्या.

"अगं, तू आहेस! आम्ही भोंगा वेळेवर ऐकला. दोनदा वाजला. बघतो तर गाडीच नाही. तुझ्यासाठी मेणबत्तीसुद्धा लावली."

"विझवा आता," बाल्बिना म्हणाली, "आणि किती पाव हवेत ते सांगा."

सिरा एकोणीस दिवस इस्पितळात होती. आणखी एक दिवस गेला असता तर ती वाचली नसती, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. ही बातमी खिडकी-खिडकीतून डोंगरभर गेली. सिरा परत आली तेव्हा सगळे आपापल्या उंबऱ्यावर टाळ्या वाजवत उभे होते. एलादिओ टाळ्या वाजवत नव्हता, नुसता टोपी काढून उभा होता. बाल्बिनाची मान त्या दिवशी कुणापुढेही खाली गेली नाही.

जूनमध्ये रस्ते उघडले, नातवंडं आली, अंगणात खुर्च्या निघाल्या. भुतं हळूहळू विरळ झाली. बाकावरची बहीण मात्र, तिच्यासाठी देवळात नीट प्रार्थना झाली त्या रविवारपर्यंत येत राहिली.

शरद ऋतूत नगरपालिकेचे लोक बाल्बिनाकडे आले. तिच्या नावाची पाटी लावायची म्हणत होते.

"पाटी कशाला?" ती म्हणाली. "पेनाल्बाची वाट खडी घालून पक्की करा. गाडी जाईल एवढी."

पहिली थंडी पडायच्या आत रस्ता झाला. त्या सकाळी दोसिंदानं धुतलेला ॲप्रन बांधला, सिरासाठी एक पाव मांडीवर घेऊन मुलीच्या शेजारी गाडीत बसली आणि दार आपल्या हातानं लावून घेतलं.

"चल," ती म्हणाली. "वळणावर हळू घे. नवीन खडी आहे."