लक्ष्मणराव पाणकराचा अंधार

साकोलीहून दोन कोस आत आमचं गाव. गावाला तलाव, तलावाखाली धानाची शेतं, आणि तलावाचं पाणी पाळीपाळीनं प्रत्येक बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, सोडणारा एक माणूस. त्याला पाणकर म्हणतात. सन १९८३ साली हा मान लक्ष्मणरावाकडे होता, त्याच्या बापाकडेही होता. भाऊभाऊ भांडले तरी पाणकराच्या शब्दावर कोणी बोट ठेवत नसे.

या माणसाला एक वेड होतं. सातवी शिकलेला, पण नागपूरच्या जुन्या बाजारातून त्यानं फौजेतली दोन डोळ्यांची दुर्बीण आणली होती, आणि साकोलीच्या एका मास्तरानं दिलेला आकाशाचा नकाशा त्याच्या धोतराच्या घडीत असायचा. चंद्र, शुक्र पाहणाऱ्यांतला तो नव्हता. ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतात न दिसतात, राखेच्या बोटाच्या ठशासारख्या पुसट, त्या त्याला हव्या असत.

त्यासाठी जागा लागते. गावात वीज आली होती, चौकात एक दिवा रात्रभर जळे. लक्ष्मणरावानं दोन हिवाळे जागा शोधण्यात घालवले. एकेका जागी बसून तो कृत्तिका मोजायचा. चौकात सहा भरत, शाळेमागे सात. महादेवाच्या टेकाडावर आठ भरल्या, पण तिथून महामार्गावरच्या ट्रकचे दिवे डोळ्यांत येत. शेवटी तलावाच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा, पूर्वेकडचा कोपरा सापडला. मोहाच्या झाडाआड चौकाचा दिवा झाकला जाई, वारा वाहता असल्यानं काचेवर दंव धरत नसे, आणि तिथे त्यानं दहा मोजल्या. त्याची बायको सत्यभामाबाई म्हणे, माझ्या तोंडावरचे तीळ तरी कधी मोजले काय?

त्या वर्षी भादव्यातच पाऊस थांबला. धान लोंबीवर आलेला, तलाव अर्धा. पंचांनी ठरवलं की पाणी दिवसाच सोडायचं, दिवेलागणीनंतर पाणकरानं बंद करायचं, आणि रात्री पाळीवर जो जाईल त्यानं पेटता कंदील घेऊनच जायचं. बिनकंदिलाचा माणूस दिसला तर तो पाणीचोर.

पण पुसट गोष्टी पाहायच्या तर डोळ्यांना अर्धा तास निखळ अंधार द्यावा लागतो. एकदा कंदील पाहिला की अर्धा तास वाया. लक्ष्मणराव कंदील घरीच ठेवत राहिला. त्याला वाटे, पाणकराला कोण चोर म्हणणार?

दिवाळीच्या तोंडावर, अवसेच्या आधी, तलावात रोवलेल्या बांबूच्या खुणेवरून पाणी रोज रात्री दोन बोटं उतरू लागलं. तिसऱ्या रात्री गोपीचंदनं लक्ष्मणरावाला पाळीवर अंधारात धरलं. गोपीचंदचं शेत सगळ्यांत शेवटी, त्याची पाळी अजून यायची होती, आणि त्याच्या बांधीत भेगा पडल्या होत्या. लक्ष्मणरावाचं शेत पाळीला लागूनच, आणि सकाळी ते ओलं दिसलं.

शाळेच्या ओसरीत गाव जमला. लक्ष्मणराव म्हणाला, पाळीखालचं शेत आहे, झिरपत असेल. कोणी मान हलवली नाही. ज्याच्या शब्दानं गावाचं पाणी चाले, त्याचा शब्द त्या दिवशी ओसरीवरून खाली उतरला नाही.

भैय्याजी पंचांत वडीलधारे. ते म्हणाले, "अंधारात तू का पाहून राहिला, ते आम्हालेबी दाखव. नाही दिसलं तर पाणकरकी सोड."

त्या संध्याकाळी लक्ष्मणरावानं नेहमीप्रमाणे पाणी बंद केलं, आणि जेवणं झाल्यावर भैय्याजी, गोपीचंद आणि दोन पंच असे चौघे त्याच्यासोबत पूर्वेच्या कोपऱ्यात गेले. त्यानं कंदील विझवायला लावले आणि अर्धा तास गप्प बसवलं. गोपीचंदला राहवेना.

"काहून रे, बसूनबसून सकाळ करतं का?"

"डोळे उघडू दे," लक्ष्मणराव म्हणाला. "मंग बोल."

हळूहळू तलावात तारे दिसू लागले. मग त्यानं दुर्बीण भैय्याजींच्या हातात दिली आणि डोक्यावर थोडं उत्तरेला रोखायला लावलं. म्हाताऱ्यानं ती डोळ्यांना लावून इकडेतिकडे फिरवली. मग म्हणाला, चुलीवरची राख कोणी फुंकल्यावाणी दिसून राहिलं. लक्ष्मणरावानं सांगितलं की ते तारेच आहेत, आपल्या आकाशगंगेपलीकडचे, मोजता न येण्याएवढे, आणि त्यांचा उजेड निघाला तेव्हा माणूस नावाचा प्राणी जगात धड आलाही नव्हता. गोपीचंदनंही पाहिलं. त्यानं दुर्बीण परत देताना मान खाली घातली.

भैय्याजी उठले. म्हणाले, चोर दुसरा कोणी आहे, उद्यापासून पहारा बसवू.

लक्ष्मणराव रोज पाळीच्या दुसऱ्या टोकानं घरी जायचा. आज पंचांसोबत तो गावाकडच्या वाटेनं निघाला. ती वाट तलावाचं पाणी सोडायच्या दारावरून जाते. पुढचे चौघं बोलत होते. पाळीखालच्या दगडी तोंडातून पाण्याचा बारीक आवाज येत होता. बंद दाराला आवाज नसतो. हे पाणकराइतकं कोणाला ठाऊक?

तो थांबला. दाराचा लाकडी खुंटा रोज मांडीभर पाण्यात उतरून तोच ठोकायचा. आणि डोळे बिघडू नयेत म्हणून चार संध्याकाळी तो नुसत्या हातानं चाचपून ठोकत होता. पुढचे दहा पावलं गेले. सकाळी तो लवकर येऊन खुंटा नीट बसवू शकला असता. गावानं त्याला निर्दोष सोडलंच होतं.

"भैय्याजी," त्यानं हाक मारली, "कंदील पेटवा."

उजेडात तो पाण्यात उतरला. खुंटा तिरपा बसला होता, बाजूनं बोटभर फट. त्यानं तो उपसला, सरळ धरला, दाराशीच ठेवलेल्या लाकडी मोगरीनं ठोकला. तोंडाचा आवाज थांबला.

"चोर नाही कोणी," तो ओल्या धोतरानं वर येत म्हणाला. "मीच होतो. कंदिलाबिगर खुंटा लावत होतो."

गोपीचंद म्हणाला, "आता सांगितलं नसतं तर आम्हाले कायले समजतं?"

लक्ष्मणरावानं मोगरी भैय्याजींपुढे धरली. भैय्याजींनी ती घेतली. नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणकरकी दुसऱ्याकडे गेली, आणि लक्ष्मणरावाची उरलेली पाळी गोपीचंदच्या शेताला.

त्या हिवाळ्यात लक्ष्मणराव पुन्हा जागा शोधू लागला. नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला, जिथे अस्वलं उतरतात, एक उघडा खडक त्याला मिळाला. जाऊन-येऊन सहा मैलांची पायपीट. सत्यभामाबाई म्हणाली, तलावाची जागा काय वाईट होती, आता तर काम बी नाही, रातभर बस. तो म्हणाला, तिथे बसलो की कान पाण्याकडेच राहतात.