बैठकीच्या मधोमध वड

थांबा, हातातलं काम ठेवा, हे आत्ताच ऐका, न्हाई तर माझं पोट फुटंल!

जालन्यात आमच्या गल्लीमागं कापसाची जिनिंग होती. ती बंद पडली, मशिनी गेल्या, राह्यल्या तेलकट भिंती अन् एक भलामोठा वड. त्या जागेचे प्लॉट पाडले. एक आमच्या अण्णांनी घेतला, अन् वड नेमका आमच्याच प्लॉटात! कचेरीतले लोक आले की बसवायला अण्णांना मोठी बैठक पाह्यजे होती. मिस्त्रीनं घराच्या आखणीला चुना मारला, तर वड बराबर बैठकीच्या मधोमध.

"तोडायचा," अण्णा म्हणले.

"अन् आम्ही पूजेला कुठं जायचं?" माय म्हणली. त्या भागात दुसरा वडच न्हाई.

"बाजारातून फांदी आणून देतो की!"

"अन् फेऱ्या कशाला मारू, पाटाला?"

अण्णा ऐकतील तर शपथ! त्यांना सुट्टी रविवारीच, म्हणून झाडं तोडणाऱ्या गड्याला त्यांनी रविवारी बोलावलं; त्याला सगळी गल्ली मामा म्हणायची. पंचांग बघणं हे बायकांचं काम, असं त्यांचं बिलकुल पक्कं. त्या रविवारी होती वटपौर्णिमा! मायला ठाऊक होतं का? विचारलं की ती नुसती हसती.

आम्ही मामाला अन् मिस्त्रीला घेऊन पोचलो तर अर्धी गल्ली वडाभोवती फिरून राह्यली. बुंधा सुतानं पांढराफेक. अण्णांना पाहून बायका बाजूला सरकल्या. मामानं कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात त्या घोळक्यातून कोणीतरी कडाडलं, "घाला की घाव! सकाळपासून कोणासाठी उपाशी हाय मी?"

मामाची बायको! मी तर तोंडात पदर कोंबला.

मामानं कुऱ्हाड हळूच खाली ठेवली. "मालक, दुसरं कोणतंबी झाड सांगा. ह्यात माझं आयुष्य बांधलेलं हाय."

"मंग मीच तोडतो!" अण्णा तापले. कुऱ्हाड घेतली, धोतर खोचलं.

माय शांतपणे म्हणली, "तोडा. पण जरा जपून. तुमचाबी दोरा त्यातच हाय, अन् एवढ्या सुतात आपला कोणता, ते काही मला ओळखू येऊन न्हाई राह्यलं."

अण्णांनी बुंध्याभोवती एक चक्कर मारली. मंग दुसरी. बायका म्हणल्या, "अगं बाई, भाऊजीबी फेऱ्या घालायलेत!"

झालं! अण्णांनी कुऱ्हाड टाकली अन् मिस्त्रीवर ओरडले, "बघतोस काय? चुना पूस! पाया मुळ्यांपासून लांब घे!"

घर मागं सरकलं, बैठक गेली. आता कचेरीतले लोक वडाखाली खाटेवर बसतात, अन् अण्णा चहा पीत त्यांना सांगतात, "लोक तोडा म्हणत होते. मी म्हणलं, न्हाई! झाड राह्यलंच पाह्यजे."

आतून मायच्या बांगड्या जोरात वाजतात.

खरं सांगा, तुमच्या घरी झालंय का असं? झाड वाचवलं कोणी, अन् सांगत फिरतंय कोण?