पुढून बघायचं घर

सेटवाल्यांनी जन्मभर घरं उभी केली, आणि त्यातलं एकही एका रात्रीपेक्षा जास्त टिकलं नाही. याचा त्यांना अभिमान होता. नाटक कंपनीत ते सुतार म्हणून लागले आणि सेट उभारणाऱ्यांचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. कोर्ट, दवाखाना, श्रीमंताचा दिवाणखाना, तुरुंगाची कोठडी, सांगाल ते प्लायवूड, कापड आणि रंगातून दुपारपर्यंत उभं करायचं आणि प्रयोग संपला की मोडून ट्रकमध्ये भरायचं. त्यासाठी सगळे जोड सैल खिळीच्या बिजागऱ्यांचे. खिळी ओढली की भिंत सुटते. पक्कं ठोकणारा सुतार आपल्या काही कामाचा नाही, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पोस्टमनसुद्धा ‘सेटवाले’ अशीच हाक मारी.

स्वतःच्या घराला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. घर वडिलांनी बांधलेलं, अरुंद, दुमजली. संडास खाली मागच्या बाजूला आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर. असं का, हे विचारायला वडील हयात नव्हते. खाली न्हाणीघर काढावं असं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा सांडपाण्याला उतार मिळेना म्हणून राहिलं. पुढच्या खोलीत सेटवाल्यांची बायको बायकांचे कपडे शिवून देत असे. तिथे येणाऱ्या प्रत्येकीने एक वाक्य निदान एकदा तरी ऐकलेलं असे : “यांचा राजवाडा बघायला लोक तिकीट काढतात, आणि माझ्या खिडकीला साधी कडी नाही.”

मग ती जिन्यावरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, खाट खाली शिवणाच्या मशीनशेजारी आली. सगळं निभावलं, फक्त आंघोळ निभेना. ती एक दिवसाआड करायची आणि तीही मिरवणूक काढल्यासारखी. एका हाताने कठडा धरून ती एकेक पायरी चढणार, मागे नवरा दोन्ही हात पसरून, जणू वरून कपाट उतरवतोय. वर पोचल्यावर ती आत जाई आणि दार नुसतं लोटून घेई, कारण पुन्हा पडली तर कडी तोडायची कोणी? सेटवाले बाहेर उभे राहून दर थोड्या वेळाने विचारत, “झालं का?” ती उत्तर देत नसे. मग ते घाबरून आणखी मोठ्याने विचारत. पडल्याचं दुखणं तिने मुकाट सोसलं होतं. हे उघडं दार तिला सोसवत नव्हतं. कुणाकडे ती ते बोलली नाही, पण लेकीने ओळखलं.

लेक औषधांच्या दुकानात कामाला. ती राहते त्याच इमारतीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होत होता. निजायच्या खोलीला लागूनच बाथरूम, मध्ये उंबरासुद्धा नाही. मालक ओळखीचा, दोन महिने थांबायला तयार. तेवढ्या मुदतीत जुनं घर विकलं गेलं तर फ्लॅट यांचा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक रांगेत होतंच. दलालाने घर बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “काका, आहे असं विकायचं म्हणजे वर्ष जाईल. जरा डागडुजी करा.”

लेक म्हणाली, “बाबा, रंगबिंग लावून घ्या. माणूस आत आला की त्याच्या नजरेत भरलं पाहिजे.”

चुकलं ते इथे. तिने हे सेटवाल्यांना सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सेटवाले घराबाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून बसले आणि उघड्या दारातून आत बघत राहिले. गिऱ्हाईक कुठून येणार, कुठे थांबणार, तिथून त्याला काय दिसणार, याचा त्यांनी हिशेब मांडला. मग कामाला लागले. पुढचं दार लोखंडी पत्र्याचं होतं. त्यावर त्यांनी सागवानाच्या रेषा अशा काढल्या की गाठीसुद्धा खऱ्या वाटाव्यात. छताला प्लायवूडची पोकळ तुळई बसवली. भिंतींच्या पायथ्याशी टाइल्सची पट्टी रंगवली. जिन्याच्या कोऱ्या भिंतीवर खिडकी रंगवली, बाहेर सकाळचं ऊन. जिन्याचा कठडा बदलला. भिंत जिथे मोकळी वाटली तिथे स्विचबोर्ड लावला, आणि स्वयंपाकघरात सिंकवर एकच नळ बरा दिसेना म्हणून शेजारी दुसरा. पुढच्या खोलीतल्या खांबाची दारातून दिसणारी बाजू गुळगुळीत झाली, मागची होती तशीच राहिली. मागे कोण बघतं?

बायको मशीनवर बसून हे बघत होती. तिचं एकच म्हणणं होतं. “बाई गं, माझंच घर मला ओळखू येईना.” ते त्यांनी कौतुक म्हणून घेतलं. काही अंशी होतंही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक मध्यमवयीन जोडपं. दारातच दोघं थबकली, अगदी सेटवाल्यांनी ठरवलं होतं त्याच जागी. दलाल खूश झाला. दारावर हात ठेवून म्हणाला, “अस्सल सागवान. आता असं लाकूड मिळत नाही.”

“छे हो,” सेटवाले म्हणाले. “पत्रा आहे. सागवान मी काढलंय.”

ते खोटं बोलणारे नव्हते. त्यांच्या धंद्यात खोटं खरं वाटलं की माणसं टाळ्या वाजवतात, आणि ते टाळ्यांची वाट बघत होते. जोडप्यातल्या बाई हसल्या, गृहस्थ हसले नाहीत. ते आत आले आणि त्यांनी स्विच दाबला. मग शेजारचा. मग तिसरा.

“लाइट गेलेत का?”

“नाही, नाही. तो बोर्ड दिखाव्याचा आहे. भिंत फार मोकळी वाटत होती.”

गृहस्थ स्वयंपाकघरात गेले. तिथून आवाज आला, “या नळाला पाणी नाहीये.”

“तो नळ नाहीये,” सेटवाले म्हणाले.

यानंतर गृहस्थांनी काहीच विचारलं नाही. फक्त प्रत्येक गोष्टीवर बोटाने ठोकत गेले. तुळई पोकळ वाजली. खांबाला वळसा घालून त्यांनी मागची बाजू बघितली. खांब खरा होता, पण आता त्यांना तोही खरा वाटेना. बाईंनी जिन्याकडे बघून विचारलं, “यावर चढता येतं ना?” गंमत म्हणून नव्हे, खरंच विचारलं.

दोघं गेल्यावर दलाल फाटकाशी थांबला. “काका, मी घरं विकतो, तिकिटं नाही.” पुढे कितीतरी दिवस त्याने फोन घेतला नाही. गावभर झालं होतं की त्या घरात काय खरं आणि काय खोटं ते मालकालाच माहीत.

सेटवाल्यांना खरोखर कळेना. “काम वाईट झालंय का?” ते लेकीला विचारत होते. “तू सांग, वाईट झालंय?”

“बाबा, काम झकास झालंय. म्हणून तर माणसं पळाली.”

बायको उठली, वॉकर पुढे घेतला, आणि मशीनच्या खणातून शिवणकामाचा खडू काढला. जिथे कापड उसवायचं असतं तिथे ती त्याने फुली मारत असे. पुढच्या दारापाशी जाऊन तिने विचारलं, “खरं की खोटं?”

“अगं, दार खरंच आहे, फक्त—”

“खरं की खोटं?”

“रंग खोटा.”

तिने दारावर फुली मारली. मग स्विचबोर्ड. मग टाइल्सची पट्टी. तुळईपर्यंत हात पोचेना म्हणून लेकीला खुर्चीवर चढवलं. नळावर खडू उमटेना, त्याला चिंधी बांधली. सेटवाले मागून चालत होते, आधी कुरकुरत, मग गप्प. खोट्या खिडकीवर फुली पडताना मात्र त्यांनी तोंड फिरवलं.

जिन्यापाशी ती थांबली. नवा कठडा चकचकीत होता. हाच धरून ती एक दिवसाआड वर जात होती.

“आणि हा?”

“तो खरा आहे.”

“अहो, बघा हं.”

“खरा आहे म्हणतो ना. भिंतीत बोल्ट घातलेत, सिमेंट भरून. एकही खिळी सैल नाही. तू धरतेस, म्हणून.”

तिने वॉकर सोडला आणि दोन्ही हातांनी सगळं वजन कठड्यावर टाकलं. तो हलला नाही. तिने हिसडा देऊन बघितलं. तरी नाही. ती वळली.

“म्हणजे येतं की तुम्हाला. मग बाकीचंही कुणीतरी धरणारच होतं ना?”

जन्मभर त्यांच्या भिंतींना पाठ टेकायची वेळ कुणावर आली नव्हती. नटांनाही ताकीद असे, टेकू नका.

दुसऱ्या दिवसापासून उसवायचं काम सुरू झालं. प्लंबरने दुसरा नळ जोडून दिला, इलेक्ट्रिशियनने बोर्डात वायर आणली. त्या दोन फुल्या पुसल्या गेल्या. तुळई सेटवाल्यांनी स्वतः उतरवायला घेतली आणि अर्ध्यावर आणली. खांबाची मागची बाजू त्यांनी घासून पुढच्यासारखी केली, कुणी न सांगता. पण मुदत संपत आली होती. तळमजल्याच्या मालकाने लेकीला तिच्या इमारतीच्या जिन्यात गाठून सांगितलं की पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या माणसाला हो म्हणणार. त्या दिवशी सेटवाल्यांची बायको आंघोळीला वर गेलीच नाही. कंटाळा आलाय म्हणाली.

आणि अशात न सांगता दलाल आला. त्याच्याबरोबर रक्ततपासणीची लॅब चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना खाली लॅब आणि वर राहायला जागा अशी सोय हवी होती. फाटक वाजलं तसे सेटवाले ओलं फडकं घेऊन धावले.

“राहू द्या,” बायको म्हणाली.

“अगं, फुल्या तशाच आहेत!”

“राहू द्या म्हटलं ना.”

लॅबवाल्या बाई दारातच थांबल्या. “या खुणा कसल्या?”

“रंगकामाच्या,” दलाल घाईने म्हणाला. “आपलं ते, मार्किंग.”

“ज्याच्यावर फुली आहे ते खोटं आहे,” खाटेवरून आवाज आला. “हे सेट करायचे नाटकांचे. सवयीने घरही तसंच केलं. आता काढतोय.”

दलालाने डोळे मिटून घेतले.

लॅबवाल्या बाई घरभर फिरल्या. ठोकाठोक नाही, काही नाही. फुली दिसली की बघायच्या आणि पुढे जायच्या. जिन्यातल्या खिडकीपाशी मात्र बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली येऊन त्यांनी सेटवाल्यांच्या बायकोसमोर खुर्ची ओढली.

“किती महिने घरं बघतेय मी. प्रत्येकाने ओल लपवलेली. कुणी कपाट आडवं लावतं, कुणी आरसा. माझी बोटं सुजली भिंती ठोकून. आणि ज्यावर फुली नाही ते?”

“ते जुनं आहे. पण आहे.”

“ओल?”

“मागच्या भिंतीला, संडासाच्या बाजूने. तिथे फुली नाही, कारण ती खरी आहे.”

बाई हसल्या, आणि मग दलालही हसला, जरा उशिरा. न्हाणीघर वर आहे याचं त्यांना काही वाटलं नाही. त्या वरच राहणार होत्या, आणि गुडघे अजून त्यांचं ऐकत होते. सेटवाले एवढा वेळ फडकं हातात धरून उभे होते. धीर करून म्हणाले, “ती जिन्यातली खिडकी हवी तर ठेवतो. बरी जमलीय.”

“खिडकी तेवढी आधी काढा,” बाई म्हणाल्या. “अंधारात उठले तर वाटायचं उजाडलं.”

सेटवाल्यांना ही आजवर मिळालेली सर्वांत मोठी दाद वाटली. त्याच दिवशी त्यांनी खिडकीवर चुना फिरवला.

बोलणी लवकर आटोपली. घासाघीस झाली, पण भांडायला कुणाकडे मुद्दे नव्हते. सगळे आधीच भिंतीवर होते. मुदत संपायच्या आत लेकीने तळमजल्याच्या मालकाला शब्द दिला. सामानाचा ट्रक सेटवाल्यांनी स्वतः भरला, आणि त्या एका कामात त्यांच्या तोडीचं गल्लीत कुणी नव्हतं. शेजारी चहा घेऊन आले तोवर घर रिकामं झालेलं होतं.

नव्या जागेतल्या पहिल्या सकाळी बायको उठली, वॉकर घेऊन बाथरूममध्ये गेली आणि तिने दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. सेटवाले सवयीने बाहेर जाऊन उभे राहिले. पाणी पडू लागलं. बराच वेळ पडत राहिलं.

“झालं का?” त्यांच्या तोंडून गेलंच.

“अहो,” आतून आवाज आला, “तुम्हाला दुसरं काही काम नाही का?”

ते जरा घुटमळले. मग चपला घालून दूध आणायला गेले. वाटेत लेक भेटली, तिच्याशी बोलत उभे राहिले, पेपर घेतला. परत आले तेव्हाही पाणी चालूच होतं आणि दार बंद होतं. आत ती काहीतरी गुणगुणत होती. सेटवाल्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि पेपर उघडला.