बादलीतलं तोंड

चारोटीच्या गॅरेजबाहेर कुणाच्या तरी गाडीला पॉलिश चाललं होतं. मेणाचा तो गोडसर, उग्र वास नाकात शिरला आणि मी थेट लहानपणच्या झाईच्या किनाऱ्यावर पोचले.

बाबांनी जुनी फायबरची होडी आणली होती, उन्हानं पांढुरकी पडलेली. बाकी सगळ्यांच्या होड्या लाकडाच्या. शेजारचे काका म्हणाले, "ही होडी की प्लास्टिकची बादली?"

बाबांनी हसून सोडून दिलं. आई कसली सोडते! नारळी पौर्णिमेआधी तिनं होडी घासली, मेण लावलं आणि जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं गोल गोल चोळत राहिली. तिचे खांदे भरून आले, पण होडीच्या अंगात आभाळ दिसायला लागलं.

पौर्णिमेला पूजेसाठी सगळे किनाऱ्यावर जमले. काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि आमच्या होडीसमोर वाकून हळूच केस सारखे केले.

"काय भाऊजी," आई मोठ्यानं म्हणाली, "बादलीत तोंड बघताय होय?"

अख्खा किनारा हसला, काकासुद्धा. बाबांनी होडी सगळ्यांच्या आधी पाण्यात लोटली.

तेव्हा माझी नजर होडीवरून हलत नव्हती. आता आठवते ती मागं, कमरेवर हात ठेवून उभी असलेली आई.